धातूचे आयुर्मान

तंजावरच्या जुन्या किल्ल्याच्या पूर्व वेशीजवळ एका उंचवट्यावर एक अजस्र तोफ पडून आहे. तमिळ लोक त्या जागेला बीरंगी मेडू, म्हणजे तोफेची टेकडी, असे म्हणतात. ही तोफ ओतीव नव्हे. लांबच लांब लोखंडी पट्ट्या तापवून व ठोकून एकजीव करावयाच्या आणि त्यांवर लोखंडी कड्यांचे थर चढवावयाचे, अशा रीतीने ती घडविलेली आहे. लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन सुमारे २२ टन. सतराव्या शतकाच्या आरंभी रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत तंजावरच्या लोहारांनी ती सिद्ध केली. पुढे १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावर घेतले, तेव्हा राज्याबरोबर ही तोफही मराठ्यांकडे आली. आणि १८५५ साली ते राज्य खालसा झाले तरी ती जागची हलली नाही. ती आयुष्यात एकदाच उडविली गेली, अशी तिकडची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, चार शतके ऊनपाऊस सोसून तोफ आज धडधाकट आहे. याचे श्रेय गंजाला दाद न देणाऱ्या लोखंडाला जितके आहे, तितकेच तिला लाभलेल्या दीर्घ विश्रांतीलाही आहे.

तोफेपासून फार दूर नाही ते बृहदीश्वराचे मंदिर. इ. स. १०१० च्या सुमारास राजराज चोळाने पुरे केलेल्या या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, त्यामुळे मराठी प्रवाशाची पावले तेथे हटकून रेंगाळतात. मंदिराच्या शिखराला तिकडे ‘विमान’ म्हणतात. साठ मीटरांहून उंच असलेले ते पाषाणाचे विमान एक हजार वर्षे उभे आहे. त्यातील प्रत्येक शिळेवर वरच्या शिळांचा प्रचंड भार आहे खरा. पण राजराजाच्या काळी तो जेवढा होता, तेवढाच आजही आहे. तो दिवसातून दहा वेळा येत नाही आणि दहा वेळा जात नाही. पदार्थाचे वय ठरविताना या एका गोष्टीला फार महत्त्व आहे.

तंजावरला आता दुसऱ्या अर्थाचीही विमाने आहेत. शहराबाहेरची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १९४२ च्या अखेरीस ब्रिटिश हवाई दलाची ३६ क्रमांकाची तुकडी वेलिंग्टन विमानांसह तेथे नव्याने उभी करण्यात आली होती. युद्ध संपले आणि धावपट्टीची वर्दळही ओसरली. २०१३ च्या मे महिन्यात तेथे भारतीय हवाई दलाचा तळ सुरू झाला आणि २० जानेवारी २०२० रोजी २२२ क्रमांकाची, ‘टायगरशार्क्स’ या नावाची, सुखोई-३० एमकेआय विमानांची तुकडी तेथे दाखल झाली. दक्षिण भारतातील या जातीची ती पहिली तुकडी. हिंदी महासागरावर दूरवर लक्ष ठेवणे हे तिचे काम. या जातीच्या विमानांची जुळणी नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात झाली, तर त्यांची एएल-३१एफपी नावाची इंजिने ओडिशातील कोरापुटच्या कारखान्यात तयार होतात.

प्रत्येक विमानात अशी दोन इंजिने असतात. एका इंजिनाने सुमारे एक हजार तास काम केले की ते उतरवून, पूर्ण उलगडून दुरुस्त करावयाचे आणि सुमारे दोन हजार तासांनंतर त्याला निरोप द्यावयाचा, असा त्याचा प्रसिद्ध झालेला हिशेब आहे. विमानाच्या सांगाड्याचे आयुष्य मात्र सहा हजार तास धरलेले आहे. म्हणजे सांगाडा एक आणि त्याच्या जन्मात इंजिनांच्या तीन जोड्या! २०२४ च्या सप्टेंबरात संरक्षण मंत्रालयाने अशा २४० इंजिनांसाठी सव्वीस हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचा करार केला, त्याचे मूळ या हिशेबात आहे. एका इंजिनाला शंभर कोटींहून अधिक रुपये पडत असताना, डोळ्यांना निर्दोष दिसणारी धातूची वस्तू टाकून का द्यावी, असा प्रश्न कोणत्याही काटकसरी गृहस्थाला पडेल. सरकारी खर्च तपासणाऱ्याला तर तो पडलाच पाहिजे.

याचे उत्तर इंजिनाच्या पोटात आहे. जेट इंजिनात एका आसावर अनेक धातूच्या चकत्या बसविलेल्या असतात. कारखान्यात त्यांना डिस्क म्हणतात. प्रत्येक डिस्कच्या कडेला पात्यांची रांग असते. पुढची पाती हवा दाबतात, मागची पाती तप्त वायूच्या झोताने फिरतात. डिस्क मिनिटाला हजारो फेरे घेऊ लागली की तळहाताएवढे पातेसुद्धा बाहेर निसटू पाहते आणि ते धरून ठेवण्यासाठी डिस्कला अनेक टनांची ओढ सोसावी लागते. एखादे पाते तुटलेच तर त्याला आतल्या आत अडवील असे जाड कवच इंजिनाभोवती घालता येते. डिस्क फुटली तर तिचे तुकडे अडवील असे कवच घालून विमान जमिनीवरून उठणार नाही. म्हणून डिस्कच्या बाबतीत एकच मार्ग उरतो: ती फुटण्याच्या पुष्कळ आधी तिला काढून घेणे.

आणि ती फुटते ती सतत फिरण्यामुळे नव्हे. इंजिन सुरू झाले, पूर्ण वेगाला गेले, पुन्हा थांबले, की ओढ चढली आणि उतरली. तिला एक सायकल पुरी झाली. धातूला थकवितो तो हा चढउतार. प्रवासी विमानाच्या एका उड्डाणात असा मोठा चढउतार साधारणपणे एकदाच होतो. लढाऊ विमानाच्या वैमानिकाचा हात मात्र सारखा वेग वाढवीत आणि घटवीत असतो. एका तासात त्याची डिस्क प्रवासी विमानाच्या डिस्कपेक्षा कितीतरी अधिक म्हातारी होते. घड्याळातला तास तोच, पण वय निराळे.

धातू थकतो हे ज्ञान माणसाला फुकट मिळालेले नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि त्या अपघातात किमान पन्नास माणसे मेली. चांगल्या लोखंडाचा आस नेहमीच्याच ओझ्याखाली का मोडावा? प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने १८५० नंतरची कित्येक वर्षे या प्रश्नापायी खर्च केली. फिरत्या आसांवर पुन:पुन्हा भार देऊन ते कितव्या फेऱ्याला मोडतात हे त्याने मोजले आणि दाखवून दिले की एकदा सहज पेलवणारा भार लाखो वेळा पेलवेलच असे नाही. भार पुरेसा हलका ठेवला तर पोलादी आस जवळजवळ कायम टिकतो, हेही त्याला आढळले. रेल्वेला तो दिलासा पुरला. विमानाला तो परवडत नाही, कारण तेथे प्रत्येक किलो वजन वाचवावे लागते आणि धातूला त्याच्या ताकदीच्या काठावर वागवावे लागते.

हवेत हा धडा १९५४ साली मिळाला. १० जानेवारीला सिंगापूरहून कलकत्ता, कराची असे टप्पे घेत लंडनकडे जाणारे कॉमेट जातीचे जेट विमान इटलीजवळ एल्बा बेटापाशी आकाशातच विदीर्ण झाले. ३५ जणांचा अंत झाला. एप्रिलमध्ये दुसरे कॉमेट नेपल्सजवळ पडले. इंग्रजांनी फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या आत उड्डाणागणिक चढणारा-उतरणारा दाब पुन:पुन्हा दिला. पूर्वीची उड्डाणे धरून ३,०५७ व्या वेळी त्याचा पत्रा फाटला. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची उड्डाणे होती १,२९०. एकाच आराखड्याची दोन विमाने आणि आयुष्यात दुपटीहून अधिक तफावत! तेव्हापासून सरासरी आयुष्यावर विसंबणे बंद झाले. आज डिस्कची मर्यादा ठरविण्याची एक प्रचलित रीत अशी, की एक हजार डिस्कांपैकी एकीत सुमारे पाऊण मिलिमीटरची भेग पडण्याचा संभव ज्या सायकलला निर्माण होईल, त्या सायकलला हजारच्या हजार बाद करावयाच्या. नऊशे नव्याण्णव निर्दोष असतात हे सर्वांना ठाऊक असते. हजारावी कोणती, हे ठाऊक नसते.

मर्यादा आखूनही दगा होतो तो निराळ्या वाटेने. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या अमेरिकन डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पुढची डिस्क फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. उरलेल्या दोन इंजिनांचा वेग कमीजास्त करून वैमानिकांनी विमान कसेबसे सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी ११२ जण दगावले, १८४ वाचले. त्या डिस्कची मर्यादा होती १८,००० सायकल. ती फुटली १५,५०३ व्या सायकलला. १९७१ साली टायटॅनियम वितळविताना त्यात एक कठीण कण राहून गेला होता आणि भेग तेथून वाढत गेली होती. मागच्या वर्षीच्या तपासणीत ती दिसावयास हवी होती, पण दिसली नाही. चौकशीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली: कागदोपत्री एकाच अनुक्रमांकाच्या दोन डिस्का निघाल्या. वस्तूचा जन्मच जेथे संशयित, तेथे तिच्या वयाला अर्थ काय?

सुखोईच्या इंजिनांनीही काही काळ चिंता वाटावयास लावली होती. १७ मार्च २०१५ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी राज्यसभेत सांगितले, की २०१२ पासून इंजिन बंद पडण्याच्या ज्या ६९ घटनांची चौकशी झाली, त्यांपैकी ३३ बेअरिंगच्या दोषामुळे घडल्या. गोव्याचे हे मंत्री स्वत: मुंबईच्या आयआयटीतून धातुशास्त्राचे अभियंता झालेले होते, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. मात्र बेअरिंग झिजताना वंगणाच्या तेलात धातूचे बारीक कण सोडते; तेल तपासणाऱ्याला आगाऊ इशारा मिळतो. डिस्क असा काही निरोप पाठवीत नाही. तिचे आयुष्य बहुतांशी भेग जन्मण्याआधीच सरलेले असते आणि भेग जन्मल्यावर फार वेळ उरत नाही.

तरीही काटकसरी गृहस्थाचा प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या हवाई दलाने एफ-१०० इंजिनांच्या काही भागांपुरती उलट रीत अवलंबिली: मर्यादा संपली तरी प्रत्येक भाग अतिसूक्ष्म यंत्रांनी तपासावयाचा आणि भेग सापडेल तेव्हाच टाकावयाचा. पैसा वाचला, पण सारा भरवसा तपासणाऱ्या यंत्रावर आणि ते चालविणाऱ्या हातावर आला. सू सिटीच्या डिस्कचीही तपासणी झालीच होती, हे येथे आठवावे. आकडासुद्धा काही ब्रह्मलिखित नव्हे. २०२३ साली प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने जाहीर केले, की २०१५ ते २०२१ या काळात काही डिस्कांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दूषित कण होते. त्या डिस्कांच्या मर्यादा आणि तपासण्यांच्या मुदती एकदम खाली आणाव्या लागल्या आणि जगभर शेकडो विमाने, इंडिगोचीही कित्येक, जमिनीवर उभी राहिली.

एवढे सगळे टेकलेले आहे ते अखेर एका नोंदवहीवर. डिस्क कोणत्या धातूच्या कोणत्या ओतातून निघाली, कोणत्या इंजिनात बसली, किती सायकल फिरली, कधी तपासली गेली, हे लिहिलेले असते आणि ते सर्वस्वी खरे असावे लागते. नोंद हरवलेली डिस्क सोन्याच्या मोलाची असली तरी कवडीमोल ठरते. तंजावरला अशा नोंदींचे अप्रूप वाटावयाचे कारण नाही. सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत आणि सरफोजीराजांच्या काळी उपचार झालेल्या नेत्ररुग्णांची चित्रांसह केलेली टिपणेही तेथे जपून ठेवलेली आहेत. रोग्याचे नाव, डोळ्याची अवस्था, केलेला उपाय, आलेला गुण: जातिवंत टिपणाला याहून निराळे काही लागत नाही.

आयुष्य पुरे झालेली डिस्क भंगारात तशीच टाकीत नाहीत. ती पुन्हा झिलई देऊन, बनावट कागद जोडून कोणी बाजारात आणू नये, म्हणून तिचे तुकडे करतात किंवा कापून ती निरुपयोगी करतात आणि तिचा क्रमांक वहीतून कायमचा काढून टाकतात. कापल्या जाणाऱ्या अशा चकत्यांत बहुधा एकही भेग नसते.