कटआउटच्या डबीचा इतिहास

कांद्याची वाहतूक सुरू झाली की जुन्या ट्रकच्या बॅटऱ्या उकळायला लागतात आणि खापर बॅटरीवर फुटतं. बऱ्याचदा दोष रेग्युलेटरचा असतो. तो नीट समजायचा तर थोडं मागं जावं लागतं.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात १९४७ पासून गाड्या काढल्या. टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक सुरू केले. त्या काळात चार्जिंगला डायनमो असायचा. डायनमोची खोड अशी की इंजिन पळालं की व्होल्टेज चढतं, लोड वाढला की तो स्वतःच जळतो आणि इंजिन थांबलं की बॅटरीचा करंट उलटा त्याच्यातच शिरतो. म्हणून डबीत तीन कॉइल. एक व्होल्टेज धरायची, दुसरी करंट, आणि तिसरी, म्हणजे कटआउट, उलटा करंट तोडायची. आपल्याकडं अख्ख्या डबीलाच कटआउट म्हणतात, आजसुद्धा.

मग सिलिकॉन डायोड आला. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला. डायोड करंट उलटा जाऊच देत नाही आणि अल्टरनेटर आपला करंट आपणच आवरतो. तीनपैकी दोन कॉइलचं कामच संपलं, उरलं फक्त व्होल्टेज. पुढं पॉइंट जाऊन ट्रान्झिस्टर आले, आणि शेवटी रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पाठीतच बसला. पॉइंटची डबी रस्त्याकडेला पॉलिश पेपर मारून चालू व्हायची, ही सोय मात्र गेली.

यंत्र बदललं, पण सवय राहिली. डायनमोच्या काळात मिस्त्री चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग बघायचे. काही अजून बघतात. अल्टरनेटरवर हे केलं की व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन्ही जातात. असं कोणी करायला लागला तर तिथंच हात धरा.

त्यापेक्षा साधा मीटर लावा. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन जरा रेस केल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १५ च्या वर गेलं तर बॅटरीचं पाणी उडणार. १३ च्याही खाली राहिलं तर डबीवर जाण्याआधी बेल्ट, कार्बन ब्रश आणि वायरी बघा.

बाहेरची डबी असेल तर आणखी एक. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी डबीच्या पत्र्याला लावा, इंजिन चालू ठेवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंग खराब. डबीला तेवढं व्होल्टेज कमी दिसतं, म्हणून ती बॅटरीला जास्त चार्ज करत राहते. गाडीला नवा रंग मारल्यावर हे हमखास होतं, कारण डबीच्या बोल्टखाली रंग बसतो. तो खरवडून बोल्ट आवळा आणि परत मीटर लावून बघा. नवीन डबी आणायची वेळ त्यानंतर.