एका जेवणाचे पैसे आणि वाशिमचा दवाखाना



गटाच्या पैशातून गटाबाहेरच्या कुणाला मदत करायची का, हा विषय निघाला की आपली बैठक लांबते. एकीचं म्हणणं, आपलंच कर्ज फिटेना, दुसऱ्याला कुठून द्यायचं? दुसरी म्हणते, आपल्या अडीनडीलाही कुणी धावून आलंच होतं ना. आज याच प्रश्नाचा एक जुना हिशेब सांगते. तो आपल्या रिठदपासून लांबचा नाही, वाशिमचाच आहे.

वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक असेल. ते सुरू झालं १९३८ साली. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होतं, आपला वेगळा जिल्हा तर १९९८ मध्ये झाला. दवाखाना उभा करणाऱ्या डॉक्टर बाईच होत्या. त्यांचं नाव ऑर्फा स्पायकर. त्या अमेरिकेहून आल्या होत्या आणि त्यांनी आपली सगळी उमेदीची वर्षं इथे घालवली. त्या काळात बाई डॉक्टर असणं ही केवढी गोष्ट होती, ते आपल्या आज्यांना विचारायला हवं होतं. पुरुष डॉक्टरसमोर बाई दुखणं सांगत नसे, घरचे नेतही नसत. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्याही याच कारणाने शिकायला गेल्या होत्या. पण परत आल्यावर काम सुरू व्हायच्या आतच गेल्या.

हा दवाखाना ज्या पंथाचा, त्याचं नाव चर्च ऑफ द नाझरीन. त्यांची माणसं १८९८ पासून हिंदुस्थानात होती आणि पुढे बुलडाणा, वाशिम या भागात त्यांचं काम वाढलं. हायरम रेनॉल्ड्स हे त्या पंथाचे वडीलधारे. परदेशात काम करायचं म्हणून आयुष्यभर ते मंडळींच्या मागे लागले, म्हणून दवाखान्याला त्यांचं नाव.

आता पैशाचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

आपल्याला वाटतं, अमेरिका म्हणजे श्रीमंत, एखाद्या शेठने चेक फाडला असेल. तसं नव्हतं. १९२९ नंतर तिकडे मोठी मंदी आली, कारखाने बंद पडले, लोक भाकरीच्या रांगेत उभे राहिले. हा पंथही साध्या माणसांचा होता. परदेशातल्या कामासाठी त्यांच्या बायकांनी १९१५ मध्ये आपली वेगळी मंडळी काढली. तिच्या पहिल्या अध्यक्ष सुसान फिटकिन. त्या १९४८ पर्यंत त्या जागेवर होत्या. (तेहेतीस वर्षं एकच अध्यक्ष! आपल्या गटात अध्यक्ष-सचिव आळीपाळीने बदलतात, ते मला जास्त बरं वाटतं.)

या मंडळीने १९२० नंतरच्या वर्षांत एक रीत पाडली. आठवड्यात एक जेवण सोडायचं, तो वेळ प्रार्थनेत घालवायचा आणि त्या जेवणाला जे पैसे लागले असते ते बाजूला काढायचे. म्हणजे देणगी नवऱ्याच्या खिशातून येत नव्हती, बाईच्या ताटातून येत होती. घरात जिच्या हातात रोकड नाही तिलाही असं देता येत होतं.

१९४९ पासून दुसरी रीत आली. घराघरात एक छोटी पुठ्ठ्याची पेटी ठेवायची आणि जमेल तशी चिल्लर त्यात टाकायची. तिला अलाबास्टरची पेटी म्हणतात. बायबलमध्ये एक बाई अलाबास्त्र दगडाची महागाच्या सुगंधी तेलाची कुपी फोडून सगळं तेल येशूला वाहते, त्यावरून हे नाव. वर्षातून दोनदा पेट्या उघडतात. नियम कडक आहे. हे पैसे फक्त जागा घ्यायला आणि इमारती बांधायला. पगाराला नाही, प्रवासाला नाही. मला हा नियम फार पटतो. आपल्याकडेही ज्या कामासाठी वर्गणी गोळा झाली ती दुसरीकडेच खर्चली की पुढच्या वेळी कुणी पैसा देत नाही.

याशिवाय प्रत्येक स्थानिक चर्च आपल्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा जगभरच्या कामाला पाठवतं. आता तो साडेपाच टक्के आहे.

हे सगळं निव्वळ दयेपोटी होतं का? नाही. देणाऱ्यांना आपला धर्म पसरावा असं वाटत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यावरून आपल्याकडे वाद झाले, आजही होतात. महात्मा गांधींनीही मिशनऱ्यांना साफ सांगितलं होतं की दवाखाने चालवा, शाळा चालवा, पण धर्म बदलायच्या हेतूने नको. मला स्वतःला गांधीजींचं म्हणणं पटतं. तरीही बाळंतपणात अडलेल्या बाईला पोचायला एक जागा झाली, ही गोष्ट खोटी ठरत नाही.

दुसरा एक प्रश्न मला जास्त टोचतो. देणारे तिकडचे आणि घेणारे कायम इकडचेच, असं किती दिवस चालायचं? याला उत्तर दिलं मिझोरामच्या बायकांनी. तिकडच्या डोंगराळ गावांत रोकड नव्हतीच. १९१० च्या सुमारास तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायकांनी रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायला सुरुवात केली. ते तांदूळ चर्चच्या बायका घरोघर जाऊन गोळा करतात, विकतात आणि पैसे मिशनच्या कामाला देतात. शंभर वर्षांवर ही रीत चालू आहे आणि आज त्यातून वर्षाला कोट्यवधी रुपये जमतात. ज्यांच्याकडे बाहेरून मिशनरी आले होते, तेच आता स्वतःच्या पैशावर आपली माणसं दुसऱ्या राज्यांत पाठवतात.

मूठभर धान्य आपल्यालाही नवं नाही. विनोबांनी सर्वोदय पात्र सांगितलं होतं, त्यात रोज घरातल्या लहान मुलाच्या हाताने एक मूठ धान्य टाकायचं. मूठ लहान, पण देण्याची सवय पोराला लागते, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला पुष्कळ घरांत ही पात्रं बसली, नंतर ओसरली. मिझोरामचं भांडं टिकलं, कारण मला वाटतं, ते रिकामं करायला ठरल्या दिवशी कुणीतरी बाई दारात येतेच.