वादळ मोजले, किनारा राहिला

अरबी समुद्रातल्या वादळांचा लेखी इतिहास जहाजांपासून सुरू होतो. ‘सायक्लोन’ हा शब्दसुद्धा कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने 1848 साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून रूढ झाला. मुंबईत कुलाबा वेधशाळेने 1841 पासून हवामानाच्या नियमित नोंदी ठेवल्या. नोव्हेंबर 1854 च्या वादळात हजारभर माणसे गेली, लाखोंची मालमत्ता बुडाली, हे कागदावर आले. खाडीतल्या कांदळवनाचे काय झाले, ते कोणी लिहिले नाही.

आलेल्या नोंदीही पारखूनच घ्याव्या लागतात. 6 जून 1882 रोजी मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, असे अनेक याद्यांत छापले आहे. शहराची वस्ती तेव्हा पावणेआठ लाखांच्या आसपास होती; म्हणजे दर आठांत एक माणूस. अभ्यासकांच्या मते असे वादळ झालेच नाही. एकीने दुसरीतून उतरवलेल्या याद्या, दुसरे काय!

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर होता. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत पोफळी मधूनच मोडल्या, माड आडवे झाले, पुळणीवरचे सुरू मुळांसकट उपटले गेले. पंचनामे झाले ते झाडांच्या संख्येचे. वाळू किती सरकली, खाडीचे खारेपण किती बदलले, हे ठरवायला वादळाआधीची मोजमापे हाताशी लागतात आणि ती फार थोड्या ठिकाणी आहेत. बाणकोट खाडीच्या दक्षिणेला वेळास येथे 2002 पासून कासवांची घरटी राखली आणि मोजली जातात. वादळाचा अभ्यास आखताना अशी जागा सोन्यासारखी.

आखणी किनाऱ्यापाशी संपतही नाही. उदाहरणार्थ, गारगोटी हे मुख्य गाव असलेल्या भुदरगड तालुक्यात रांगणा किल्ला सह्याद्रीच्या धारेवर उभा आहे. धारेच्या पूर्वेचे पाणी वेदगंगेने गारगोटीवरून जाते, पश्चिमेचे कुडाळच्या बाजूला उतरून खाडीला मिळते. वादळी पावसात हे गढूळ गोडे पाणी एकदम खाली येते, तेव्हा कालवे-तिसऱ्यांवर खाऱ्या लाटेइतकाच त्याचा मार बसतो. म्हणून पर्जन्यमापक घाटात आणि खारेपणाचे यंत्र खाडीच्या मुखाशी, अशी जोडी लागते.

नवी पोफळ लागती व्हायला पाच-सहा वर्षे जातात. त्याहून कमी मुदतीच्या पाहणीत वाडी सावरली की नाही, हे कळणार नाही.