दृष्टिदानामागचे शिकणारे हात

जैन दर्शनात जीवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येनुसार केलेली आहे. स्पर्श, रस आणि घ्राण या पायऱ्या ओलांडल्यावर चौथ्या पायरीवर, म्हणजे चतुरिंद्रिय जीवाला, डोळा लाभतो. इतक्या उशिरा लाभणारे हे इंद्रिय माणसाच्या उतारवयात मोतीबिंदूने झाकोळले जाते. म्हणूनच औषधदानाचा विचार करताना आपल्या समाजातील दात्यांचे लक्ष डोळ्यांकडे वळले असावे. गेल्या अर्धशतकातील अनेक धर्मादाय ट्रस्टांच्या अहवालांत नेत्रशिबिरांचे आकडे हटकून सापडतात. तपासलेले रुग्ण इतके, शस्त्रक्रिया इतक्या, चष्मेवाटप इतके. परंतु शस्त्रक्रिया करणारे हात कोठे घडले, कोणी घडवले आणि ते घडत असताना त्यांच्याखाली कोणाचे डोळे होते, हे त्या अहवालांत सहसा येत नाही. त्या इतिहासाचा हा धावता आढावा आहे.

या इतिहासाचे पहिले पान आपल्याच देशातले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा नववा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. शिष्याने छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा, शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करावा, असे तेथे सांगितले आहे. सर्व शास्त्र मुखोद्गत असलेला शिष्यही योग्या केल्यावाचून कर्मास अपात्र समजावा, असा त्या अध्यायाचा आशय आहे. जिवंत माणसाच्या अंगाला शस्त्र लावण्यापूर्वी हात दुसरीकडे बसला पाहिजे, हा विचार इतक्या प्राचीन काळी स्पष्टपणे मांडलेला आढळावा, ही अभिमानाची गोष्ट होय.

जैन आचार्यांनीही या शास्त्राची उपेक्षा केली नाही. उग्रादित्याचार्यांच्या ‘कल्याणकारक’ या वैद्यकग्रंथात पूर्वसूरींचा उल्लेख करताना पूज्यपादांनी शालाक्यतंत्र रचल्याचे म्हटले आहे. मानेच्या वरच्या अवयवांची चिकित्सा म्हणजे शालाक्य, आणि त्यात डोळा प्रमुख. मांस, मद्य व मध वर्ज्य करून औषधयोजना सांगणारा हा ‘कल्याणकारक’ ग्रंथ पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित केला आणि १९४० मध्ये तो सोलापुरातून प्रसिद्ध झाला, हे आज आपल्या समाजातही फार थोड्यांना ठाऊक असेल.

पुढे मात्र ही परंपरा खंडित झाली. शस्त्र उरले, शाळा उरली नाही. पिकलेला मोतीबिंदू सुईने डोळ्याच्या आत मागे ढकलून देणारे फिरते लोक गावोगाव हिंडत राहिले. सुई टोचताच रुग्णाला दिसू लागे, बिदागी मिळे, आणि डोळा सुजून पुढे निकामी होईपर्यंत सुई टोचणारा तिसऱ्या गावी पोहोचलेला असे. मद्रासच्या नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट यांनी या पद्धतीने बिघडलेल्या डोळ्यांचा चिकाटीने अभ्यास केला आणि १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यावर व्याख्याने दिली. ढकलला गेलेला मोतीबिंदू आत कोठे जाऊन पडतो, दाह कसा होतो, काचबिंदू कसा उद्भवतो, हे त्यांनी काढलेले डोळे कापून दाखवले. आपण केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे मागे वळून पाहणे हाच संशोधनाचा आरंभ असतो. फिरत्या माणसाला ती सोय नव्हती; तशी इच्छा असल्याचेही दिसत नाही.

इलियट ज्या रुग्णालयात काम करीत, ते १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडहून रॉबर्ट रिचर्डसन यांना पाठवून सुरू केलेले होते. लंडनचे मूरफील्ड्स रुग्णालय १८०५ चे, म्हणजे अवघे चौदा वर्षांनी वडील. त्याच सुमारास तंजावरला मराठ्यांच्या गादीवर सरफोजी राजे दुसरे होते. त्यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत. त्या रुग्णांची टिपणे, आजारी डोळ्यांच्या हाताने रंगवलेल्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. छायाचित्रणाचा शोध लोकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी एका मराठी राजाच्या आश्रयाने रुग्णागणिक अशी नोंद ठेवली जात होती, ही बाब मराठी वाचकाने विसरू नये. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि १८६० च्या दशकात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. तेथेही व्यापाऱ्याचा पैसा आणि विद्यार्थ्याचे शिक्षण एकत्र आलेले दिसते.

‘निवासी डॉक्टर’ हा शब्द मात्र अमेरिकेतून आला. बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. तेथील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच राहायला लावून, वर्षागणिक वाढती जबाबदारी देत शिकवण्याची पद्धत बसवली. राहायचे तेथेच, म्हणून निवासी. आपल्याकडे जुने लोक त्यांना ‘हाऊसमन’ म्हणत, तो याचाच इंग्रजी भाऊ. १९१६ मध्ये अमेरिकेत विशेषज्ञांची परीक्षा घेणारे पहिले मंडळ स्थापन झाले ते नेत्रवैद्यकाचेच. इतर शाखा नंतर त्याच वाटेने गेल्या.

याच काळात ज्ञानाचा एक उलटा प्रवाहही वाहत होता, आणि तो अधिक चित्तवेधक आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील आयरिश डॉक्टर हेन्री स्मिथ यांनी जालंधर आणि अमृतसर येथे हजारोंच्या संख्येने मोतीबिंदू काढले. भिंगाच्या आवरणासकट संपूर्ण मोतीबिंदू बाहेरून दाब देऊन काढण्याची त्यांची पद्धत जगभर गाजली. ती शिकण्यासाठी अमेरिकेतील नामांकित नेत्रवैद्य समुद्र ओलांडून अमृतसरला आले, कारण इतके रुग्ण आणि इतका सराव त्यांना स्वदेशी मिळणे शक्य नव्हते. सिंधमधील शिकारपूरलाही हेच घडले. शेठ हिरानंद नावाच्या दानशूर गृहस्थांनी खर्च उचलला आणि क्वेट्ट्याचे मिशनरी डॉक्टर हेन्री हॉलंड दर हिवाळ्यात तेथे शस्त्रक्रियांसाठी येऊ लागले. युरोप-अमेरिकेतील डॉक्टर तेथेही शिकायला जमत. हॉलंड पिता-पुत्रांना १९६० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कथा सांगताना छाती फुगते, पण त्यांची दुसरी बाजूही पाहावयास हवी. स्मिथ यांची पद्धत शिकून मायदेशी परतलेल्या अनेकांना ती तशी साधली नाही. दाब जरा चुकला की डोळ्यातील गाभा बाहेर येई. स्मिथ यांचे रुग्ण काही दिवसांनी गावी जात आणि वर्षभरानंतर त्यांना कितपत दिसते याचा हिशेब पुरेसा नाही, असे टीकाकारांनी दाखवून दिले. शिवाय परदेशी हात शिकत होते ते येथील गरिबांच्या डोळ्यांवर. शिकारपूरच्या शेठजींनी दिलेल्या दानातून रुग्णाला दृष्टी मिळाली आणि डॉक्टरला विद्या मिळाली. म्हणजे औषधदान आणि ज्ञानदान दोन्ही घडले. परंतु विद्या देणारा खरा दाता तो रुग्णच होता, आणि त्याचे नाव कोणत्याही फलकावर नाही.

स्वातंत्र्यानंतर शिबिरांचे युग आले. कर्नाटकाचे डॉ. मुरुगप्पा मोदी यांनी तिरुपती येथे एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याचा विक्रम गिनीजच्या पुस्तकात नोंदला गेला. शाळेच्या वर्गात, धर्मशाळेत, मांडवात टेबले मांडली जात. एकावर शस्त्रक्रिया चाले तोवर दुसऱ्यावर रुग्ण तयार असे. त्यावेळी खेड्यात दुसरी सोय नव्हती, त्यामुळे या कर्मयोग्यांचे ऋण मोठेच आहे. तथापि संख्येची चटक लागली की तपासणी मागे पडते. एप्रिल १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील शिबिरात जंतुसंसर्ग होऊन ८० हून अधिक रुग्णांचे शस्त्रक्रिया केलेले डोळे कायमचे गेले. ए. एस. मित्तल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये त्याची गंभीर दखल घेतली आणि शिबिरांच्या नियमांच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरला. हळूहळू तंबूतील शस्त्रक्रिया मागे पडल्या. गावात तपासणी आणि सुसज्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया, ही रीत रुळली.

दरम्यान शिक्षणाची व्यवस्थाही उभी राहत होती. १९६७ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र सुरू झाले. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला आणि त्याच वर्षी निवृत्तीनंतर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या माणसाने त्याच बोटांनी शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे देशोदेशीच्या तरुणांना शिकवले.

मग कृत्रिम भिंग आले आणि साऱ्यांनाच पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. आवरणासकट मोतीबिंदू काढणाऱ्या जुन्या हातांना आता ते आवरण जपायला शिकायचे होते, कारण भिंग त्यातच बसवायचे. या आवरणाचा मागचा पडदा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच जाड असतो. पन्हं, पोत, ताणा-बाणा बोटांनी ओळखणाऱ्या कापड बाजारातल्या माणसालाही इतक्या तलम वस्त्राची कल्पना करता येणार नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत जो प्रकल्प राबवला गेला, त्यात शल्यविशारदांच्या या पुनर्प्रशिक्षणावर भर होता. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवली नसती, तर ते शिक्षण गरिबाच्या उपयोगी पडले नसते.

संशोधनाचा विषय निघाला की पुण्याचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात एक साधा प्रश्न विचारला गेला. मोठा छेद घेऊन टाके घालण्याची पद्धत चांगली, की लहान छेदाची बिनटाक्याची? ७४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निःपक्ष विभागणी करून दोन्ही पद्धती तुलनेला लावल्या. सहा आठवड्यांनी चष्म्याविना समाधानकारक दिसणाऱ्यांचे प्रमाण मोठ्या छेदात ३७.३ टक्के, तर लहान छेदात ४७.९ टक्के आढळले. हा निष्कर्ष २००३ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. पुढे २००५ मध्ये त्याच रुग्णालयाने महागड्या यंत्राच्या ‘फेको’ पद्धतीशी तुलना प्रसिद्ध केली. चष्म्याविना फेको थोडी सरस ठरली, परंतु चष्मा दिल्यावर दोन्हींत ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांना चांगले दिसत होते. धर्मादाय रुग्णालयातील, बहुतांशी गरीब रुग्णांच्या सहकार्याने झालेले हे काम जगाने प्रमाण मानले. आज भारतातील निवासी डॉक्टर बहुधा लहान छेदाची ही पद्धत आधी शिकतो आणि फेकोकडे नंतर वळतो.

एम. एस. ही पदवी तीन वर्षांची. पहिले काही महिने चष्म्याचे नंबर, स्लिट लॅम्पवरील तपासणी, पट्ट्या, भुलीचे इंजेक्शन यात जातात. मग वरिष्ठांच्या शेजारी बसून शस्त्रक्रियेची एकेक पायरी हाती येते. भिंग बसवणे आधी, आवरण उघडणे नंतर, आणि संपूर्ण शस्त्रक्रिया सर्वात शेवटी. त्याशिवाय प्रबंध असतोच. अनेक ठिकाणी तो केवळ बांधणीसाठी लिहिला जातो, हे दुर्दैव. शिकवायचे तर वेळ द्यावा लागतो, आणि वेळ दिला की दिवसाचा आकडा घसरतो. हा ताण सर्वत्र आहे. मे-जून २०२३ मध्ये मुंबईतील एका शासकीय रुग्णालयातील नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांनी, आपल्याला शस्त्रक्रियेची पुरेशी संधी मिळत नाही, या व अन्य तक्रारींसाठी संप केला. संबंधित वरिष्ठांनी आरोप नाकारले. प्रश्न मात्र उरतोच, कारण आजच्या ज्येष्ठाचा आकडा आणि उद्याच्या ज्येष्ठाचा सराव हे दोन्ही एकाच टेबलावरून निघतात.

सरावाच्या बाबतीत जैन मनाला एक वेगळी अडचण जाणवते. निवासी डॉक्टरांचे हात बसावेत म्हणून प्रयोगशाळेत बहुधा बकऱ्याचे डोळे आणले जातात, आणि ते येतात कत्तलखान्यातून. त्या डोळ्यांसाठी वेगळी हिंसा घडत नाही हे खरे, परंतु कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी हिंसेचा विचार करणाऱ्या दात्याला तेवढ्याने समाधान वाटेलच असे नाही. सुश्रुताच्या भोपळ्याची आठवण येथे सहज होते. आता कृत्रिम डोळे मिळतात. सूक्ष्मदर्शकासारख्या यंत्रात पाहून संगणकाच्या आभासी डोळ्यावर सराव करता येतो. तेथे पडदा शंभरदा फाटला तरी कोणाची दृष्टी जात नाही. ही यंत्रे महाग असल्याने मोजक्याच ठिकाणी आहेत.

आणखी एक साधन आपल्या समाजाच्या फार जवळचे आहे. नेत्रदानात जैन कुटुंबे उत्साहाने पुढे येतात. निधनानंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढले जातात आणि नेत्रपेढीत बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची तपासणी होते. त्यातील सर्वच पडदे प्रत्यारोपणास योग्य ठरत नाहीत. वय, आजार किंवा उशीर यामुळे काही बाजूला ठेवावे लागतात. ते वाया जातात असा समज पुष्कळांच्या मनात असतो आणि नंतर कळल्यावर नातेवाईक हळहळतात. वास्तविक असे नेत्र निवासी डॉक्टरांच्या सरावासाठी आणि संशोधनासाठी वापरले जातात. पडदा कसा कापावा, केसाहून बारीक धाग्याचा टाका कसा घालावा, हे तो तरुण डॉक्टर त्यांवरच प्रथम शिकतो. बऱ्याच नेत्रपेढ्यांच्या संमतिपत्रात प्रत्यारोपणाच्या शेजारी शिक्षण आणि संशोधन हे दोन शब्दही छापलेले असतात. सही करणाऱ्याच्या डोळ्यात त्या घटकेला पाणी असते, त्यामुळे ती ओळ बहुधा वाचायची राहून जाते.