कुटुंबप्रमुखाचा धर्म : पुण्यातील कॅथोलिक गृहस्थांचा वृत्तांत

जुबिलीच्या प्रसंगी देवळाचा इतिहास लिहावयाची आपल्यात चाल आहे, आणि ती योग्यच आहे. पाया केव्हा घातला गेला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, हे पुढील पिढीस ठाऊक असले पाहिजे. परंतु ज्या गृहस्थांनी बायकामुलांसह रविवारामागून रविवार देवळाची वाट धरिली, त्यांची नावे कोनशिलेवर नसतात. घराचा कर्ता पुरुष या नात्याने श्रद्धेस अग्रस्थान देताना त्यांस काय सोसावे लागले, याविषयी चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

पुणे शहरातील कॅथोलिक उपासनेचा आरंभ पेशव्यांच्या चाकरीतील ख्रिस्ती शिपायांमुळे झाला, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. या शिपायांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. दोम मिगेल द नोरोन्या हे त्यांच्यातील एक अधिकारी होत. सन १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी या लोकांच्या उपासनेकरिता जागा दिली, व तेथे अमलोद्भव मातेचे लहानसे मंदिर उभे राहिले. हेच आपले सिटी चर्च. एका हिंदू राज्यकर्त्याने आपल्या ख्रिस्ती चाकरांच्या धर्मभावनेचा असा मान राखावा, हे पुण्यास भूषणावह आहे. परंतु आम्हांस येथे आणखी एक गोष्ट दिसते. एकट्या शिपायास प्रार्थनेपुरता तंबूचा कोपरा पुरतो. ज्यास मुलांचा स्नानसंस्कार करावयाचा आहे, मुलीचे लग्न लावावयाचे आहे, आणि आपल्या मृतांस आशीर्वादित मातीत ठेवावयाचे आहे, त्या संसारी माणसास मात्र देऊळ लागते.

याचा पडताळा पुढे लवकरच आला. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशव्यांच्या बाजूने त्या दिवशी लढलेल्या कवायती पलटणीचा नायक दे पिंटो नावाचा पोर्तुगीज होता. दुसऱ्याच वर्षी पेशवाई बुडाली. ज्या चाकरीसाठी हे लोक पुण्यास आले होते, ती चाकरीच उरली नाही. असे असता मंदिर ओस पडावयास हवे होते. परंतु तसे झाले नाही. सुमारे १८५२ मध्ये त्या ठिकाणी पक्के देऊळ बांधण्यात आले. राज्य गेले तरी घरे राहिली, आणि घरे राहिली म्हणून देऊळही राहिले.

त्याच सुमारास, म्हणजे १८५० मध्ये, छावणीच्या बाजूस संत पॅट्रिकचे देऊळ तयार झाले. त्यास आयरिश शिपायांनी आपल्या तुटपुंज्या पगारातून हातभार लाविला. त्या काळी पलटणीच्या पटावर पत्नीचे नाव घालण्याची परवानगी थोड्याच शिपायांस मिळत असे, आणि ज्यांस मिळे त्यांचा संसार बराकीच्या आडपडद्याआड चाले. असल्या स्थितीतही देवळासाठी पैसा बाजूस काढणारे हात होते, हे आजच्या सुस्थितीतील कुटुंबांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता आपल्या मराठी भाषिक कुटुंबांकडे वळू. यांपैकी पुष्कळांचे मूळ गाव तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर येशूसंघाच्या जर्मन धर्मगुरूंनी त्या भागात कार्य आरंभिले. वळण, केंदळ ही नावे आपल्या वृद्धांच्या तोंडी अजूनही आहेत. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, व तो प्रदेश १९८७ पर्यंत, म्हणजे नाशिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत, पुण्याच्याच छायेखाली होता. तेथे बहुशः महार समाजातील कुटुंबांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. कुटुंबातील कर्त्याने असा निर्णय घेतला म्हणजे गावकीशी व भावकीशी असलेले जुने संबंध ताणले जात, आणि मुलीसाठी स्थळ कोठे पाहावे येथपासून प्रश्न उभे राहत.

मग पहिले महायुद्ध आले. जर्मन धर्मगुरूंस सरकारने स्थानबद्ध केले आणि पुढे मायदेशी धाडले. बिशप हेन्री डोअरिंग यांची १९२१ मध्ये जपानात हिरोशिमा येथे नेमणूक झाली. ते पुण्यास परत आले ते १९२७ मध्ये. या काळात स्विस व इतर धर्मगुरूंनी भार उचलिला खरा, परंतु गावे अनेक आणि धर्मगुरू थोडे, अशी अवस्था होती. अशा वेळी धर्मशिक्षण देणारे मास्तर आणि घरातील वडील माणसे यांवरच पुष्कळसे अवलंबून असते. सायंकाळी दिवा लागल्यावर जपमाळ सुरू करणे, मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेणे, आणि मरणोन्मुख बालकास प्रसंगी स्वतःच्या हाताने स्नान देणे, ही कामे धर्मगुरूची वाट पाहत थांबू शकत नाहीत. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबास घरगुती ख्रिस्तसभेची उपमा दिली. परिषदेचे नावही न ऐकलेल्या माणसांनी ती आधीच खरी करून दाखविली होती.

पुढे ही कुटुंबे पोटापाण्यासाठी पुण्यास आली. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, देहूरोडचा डेपो, पिंपरी-चिंचवडचे कारखाने, रेल्वे, इस्पितळे, अशा ठिकाणी पुरुषांस काम मिळाले. गावाकडे उपासनेस आडवा येई तो लांबचा रस्ता. येथे आडवी आली ती पाळी. रात्रपाळी उरकून, डोळ्यांवरची झोप आवरून, धुतलेला सदरा घालून सकाळच्या मिस्सेस मुलांसह उभे राहणारे बाप आम्ही पाहिले आहेत. मुलांस श्रद्धेचे महत्त्व कळण्यास याहून मोठ्या प्रवचनाची गरज नव्हती.

परंतु सर्वांत कठीण परीक्षा कागदावर झाली. ता. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूधर्मीयांपुरत्या ठेविल्या. १९५६ मध्ये शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस त्यांत घेण्यात आले, ख्रिस्ती लोकांस घेण्यात आले नाही. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस केली. बाप्तिस्म्याने गरिबी नाहीशी होत नाही, व गावच्या डोळ्यांतील जातही पुसली जात नाही. तथापि शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ हा शब्द लिहिताना बापास ठाऊक असे, की या एका शब्दाने मुलाची अनुसूचित जातींसाठीची शिष्यवृत्ती व राखीव जागा जात आहे. तरीही पुष्कळांनी तो शब्द लिहिला. ज्यांनी मुलाच्या भाकरीच्या काळजीने दुसरे काही लिहिले, त्यांचा न्याय करण्यास आम्ही बसलो नाही. दोघांच्याही मनात मुलाचेच कल्याण होते. बापास अशा पेचात टाकणारी व्यवस्थाच दोषास पात्र आहे.

येथे एक शंका उपस्थित होईल. श्रद्धेचे अग्रस्थान म्हणजे घरात पुरुषाची हुकमत, असे कोणी समजेल काय? या बाबतीत कवी नारायण वामन टिळक यांचे चरित्र विचार करण्याजोगे आहे. ते कॅथोलिक नव्हते, परंतु त्यांचा प्रश्न आपलाच आहे. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आभाळ कोसळले. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे दोघे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी लगेच धर्म बदलला नाही. त्यांचा जातिभेदावरील विश्वास त्यांच्याच विचाराने गळून पडला, व मग १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास पतीच्या निर्णयाची किंमत पत्नीने किती दिली हे दिसते, आणि श्रद्धा ही कोणावर लादता येत नाही हेही दिसते. कुटुंबप्रमुखाने स्वतः पुढे चालावे. मागून येणाऱ्यास ओढू नये.

ख्रिस्तसभेने आदर्श म्हणून पुढे ठेविलेले गृहस्थही याच जातीचे आहेत. १८७० मध्ये ज्यांस सार्वत्रिक ख्रिस्तसभेचे आश्रयदाते म्हणून घोषित केले, त्या संत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. आहे ते त्यांचे काम, प्रवास आणि जागरण. २०१५ मध्ये पत्नी झेली हिच्यासह संतपदास चढविलेले लुई मार्टिन हे फ्रान्समधील एक घड्याळजी होते.

म्हणून, बंधूंनो, या जुबिलीच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या मनास काही साधे प्रश्न विचारावेत. आपला पगार घरी पोहोचतो की वाटेतल्या गुत्त्यात अडकतो? पत्नीशी आपण जसे बोलतो, ते ऐकून मुलांस आपल्या प्रार्थनेवर विश्वास बसेल काय? सायंकाळची जपमाळ आपण सुरू करतो, की ते काम सर्वस्वी बायकांवर सोपवून दूरचित्रवाणीसमोर बसतो? आपल्या पूर्वजांस श्रद्धेपायी नोकरी, नातीगोती आणि सवलती गमवाव्या लागल्या. आपणांकडून तूर्त मागितला जात आहे तो दिवसातला अर्धा तास आणि थोडा अहंकार.

देवळातील स्नानसंस्काराच्या जुन्या वहीत प्रत्येक बालकाच्या नावासोबत आईबापांची नावे असतात. त्या रकान्यात ज्यांचे नाव लिहिले गेले, त्यांनी ते नाव आपल्या वागणुकीने खरे करावे, व त्यांच्या मुलांनीही पुढे आपल्या मुलांचा हात धरून याच देवळाची पायरी चढावी, इतकीच परमेश्वरचरणी आमची प्रार्थना आहे. संत योसेफ आम्हां सर्वांसाठी विनंती करोत. आमेन.