खोट्या सभेची कुळकथा

ज्या संस्थेचं सभासदत्व अमेरिकेने शेवटपर्यंत घेतलं नाही, तिच्या लुटुपुटीच्या सभा मात्र अमेरिकी कॉलेजांतच रंगल्या. ती संस्था म्हणजे राष्ट्रसंघ; तो 1920 मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या सिनेटने तो ज्यातून जन्मला तो व्हर्सायचा तहच नाकारला होता, तरी त्याच दशकात तिथले विद्यार्थी समोर फ्रान्स, जपानच्या पाट्या मांडून राष्ट्रसंघाचं अधिवेशन भरवू लागले. 1945 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आला. खेळ तोच राहिला, नाव बदललं. शहरी शाळांतली मुलं आज ज्याला एमयूएन (मॉडेल युनायटेड नेशन्स) म्हणतात, तो हाच.

खेळाचे नियम मात्र बरेचसे जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाचे नव्हेत, चर्चच्या एका बैठकीचे. हेन्री रॉबर्ट हा लष्करी इंजिनिअर. 1863 मध्ये अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला चर्चच्या सभेत त्याला अचानक अध्यक्ष केलं गेलं आणि सभेचा पार विचका झाला. त्या धास्तीने त्याने सभाशास्त्राचा अभ्यास केला आणि 1876 मध्ये नियमांचं पुस्तक छापलं. त्या नियमांचं मूळ ब्रिटिश पार्लमेंटमध्ये. आपल्या ग्रामसभेतले सूचक, अनुमोदक आणि हरकतीचा मुद्दा हेही त्याच घराण्यातले. गंमत अशी, की संयुक्त राष्ट्रसंघाच्या खऱ्या आमसभेत बहुतेक ठराव मतदानाशिवाय, सहमतीने होतात. शाळेत मात्र मतं मोजल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही!

भारतात या कुळाची वेगळी शाखा वाढली. 1962 मध्ये मुंबईत प्रतोदांची अखिल भारतीय परिषद झाली. तिने शाळा-कॉलेजांत अभिरूप संसद भरवण्याची शिफारस केली. 1966-67 पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसद स्पर्धा सुरू झाल्या आणि 1997-98 मध्ये नवोदय विद्यालयं त्यात आली. म्हणजे आपल्याकडे हा खेळ न्यूयॉर्कहून नाही, दिल्लीहून आला: शपथविधी, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तराचा तास.

दोन्हींत एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. युवा संसदेत बाक कुठलाही असो, देश आपलाच असतो. एमयूएनमध्ये पाटी येईल त्या देशाचं वकीलपत्र घ्यावं लागतं. समजा, विषय आहे कापसाचं अनुदान आणि खामगावकडच्या नववीतल्या मुलीला पाटी मिळाली अमेरिकेची. घरी पऱ्हाटीचं शेत, पडलेल्या भावाचं रडगाणं रोजचं. ब्राझीलने 2002 मध्ये याच अनुदानावरून जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेला खेचलं. अमेरिका हरली, तरी प्रकरण मिटायला 2014 उजाडलं, तेही 30 कोटी डॉलर मोजून. मधल्या काळात बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकी देशही तीच तक्रार घेऊन उभे राहिले. आता या मुलीने अमेरिकेची बाजू मांडायची. ती कागद काढून बसते आणि लिहिते: आमच्या शेतकऱ्यालाही दुष्काळ चुकत नाही, भाव त्याच्याही हातात नाही, सरकारने पाठीशी उभं राहायला नको का? चार ओळी झाल्यावर तिच्या ध्यानात येतं, की हमीभावासाठी वडील बोलतात ते यापेक्षा फार वेगळं नाही. तिथून पुढे तिला अमेरिका पटेलच असं नाही, पण कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं ते कळू लागतं. वक्तृत्वाच्या पाठांतराने हे साधत नाही.

नवोदयमध्ये याहून कठीण शाळा आधीच चालू आहे. स्थलांतर योजनेनुसार नववीतली साधारण 30 टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला जातात आणि तिकडची इकडे येतात. जेवण वेगळं, शिव्या वेगळ्या, खोलीतला पंखा किती वर ठेवायचा यावरून वाद. आणि मध्ये पडायला आई-वडील नाहीत. बुलढाणा जिल्ह्याचं नवोदय शेगावला आहे; तिथे कधी अशी आंतरराष्ट्रीय सभा भरवली, तर अमेरिकेची पाटी आधी या परतलेल्या मुलांपैकी कुणाला तरी द्यावी.