ग्रामयात्रा (चित्र)

ग्रामयात्रा हे भारतीय चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी १९५४ साली रंगविलेले तैलचित्र आहे. सुमारे १४ फूट लांबीच्या या कॅनव्हासवर ग्रामीण जीवनातील तेरा प्रसंग शेजारी शेजारी मांडलेले आहेत. दळण, गाईची धार, बैलगाडीचा प्रवास, मुलांचे संगोपन अशी नित्याची कामे हाच चित्राचा विषय आहे. रंगविल्यानंतर लवकरच हे चित्र भारताबाहेर गेले आणि जवळजवळ सत्तर वर्षे सर्वसामान्य रसिकांच्या दृष्टीआड राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात ते १ कोटी ३७ लाख ५० हजार अमेरिकन डॉलरला (सुमारे ११८ कोटी रुपये) विकले गेले. त्या वेळेपर्यंत आधुनिक भारतीय चित्राला लिलावात मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती.

पार्श्वभूमी

हुसेन यांचा जन्म पंढरपूर येथे झाला. त्यांची जन्मतारीख सामान्यतः १७ सप्टेंबर १९१५ अशी दिली जाते. ते अगदी लहान असताना आई झैनब यांचे निधन झाले. त्यानंतर कुटुंब इंदूर येथे स्थायिक झाले. बालपणी त्यांनी अरबी सुलेखनाचे धडे घेतले. इंदूरच्या कलाशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. नारायण श्रीधर बेंद्रे हे देखील देवळालीकरांचेच विद्यार्थी होत. १९३०च्या दशकात हुसेन मुंबईस आले. तेथे त्यांनी चित्रपटांचे मोठे फलक रंगवून उदरनिर्वाह केला. पुढे मुलांसाठी लाकडी खेळणी व फर्निचर यांची संकल्पने तयार करण्याचे कामही त्यांनी केले.

१९४७ साली फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे व सदानंद बाकरे यांच्यासह हुसेन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले. १९४८ साली दिल्लीच्या शासकीय भवनात भारतीय कलेचे भव्य प्रदर्शन भरले होते. तेथे त्यांना मथुरेची शिल्पे, गुप्तकालीन मूर्ती व बसोहली शैलीची लघुचित्रे जवळून पाहता आली. या दर्शनाचा त्यांच्या पुढील कामावर खोल परिणाम झाला. १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी चीन व युरोपचा प्रवास केला. ग्रामयात्रा हे चित्र या अनुभवांनंतरचे आहे.

रचना

चित्र आडव्या पट्टीच्या स्वरूपात आहे. लहान-मोठ्या चौकटींतून तेरा प्रसंग दिसतात. त्यांना एका कथेचा क्रम नाही, त्यामुळे प्रेक्षक कोठूनही पाहण्यास आरंभ करू शकतो. आकृत्या जाड रेषांनी बांधलेल्या असून रंग सपाट व उजळ आहेत. पाश्चात्त्य वास्तववादी चित्रांतील खोली व छायाप्रकाश यांना येथे गौण स्थान आहे.

बहुतेक चौकटींत स्त्रिया केंद्रस्थानी आहेत. त्या दळतात, धार काढतात, मुले सांभाळतात, गाडीतून प्रवास करतात. एका चौकटीत मात्र शेतकरी उभा आहे. त्याचा पसरलेला हात स्वतःची चौकट ओलांडून शेजारच्या भूदृश्यापर्यंत पोचतो व जणू त्या जमिनीला आधार देतो. कसणारा आणि जमीन यांचे नाते दाखविणारा हा भाग चित्राचे मर्म मानला जातो.

प्रेरणास्रोत

दैनंदिन जीवन : १९५१च्या जनगणनेनुसार भारतातील ८० टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि नव्या राष्ट्राच्या उभारणीत खेड्याला मध्यवर्ती स्थान मिळाले. हुसेन यांनी मात्र योजना किंवा पुढारी रंगविले नाहीत. त्यांनी रोजचे श्रम रंगविले. कोणताही प्रसंग उत्सवाचा नाही, तरीही चित्राला ‘यात्रा’ हे नाव आहे. मराठीत यात्रा म्हणजे देवदर्शनाचा प्रवास, तसेच गावची जत्रा. येथे ती गावाच्या नित्य व्यवहारातून होणारी दृष्टीची यात्रा ठरते.

प्राणी : गाय, बैल, घोडा व हत्ती हे हुसेन यांच्या चित्रांतील नेहमीचे प्राणी होत. घोड्याच्या आवडीमागे मोहरमच्या मिरवणुकीतील दुलदुल घोड्याची बालपणीची आठवण आणि चीनमध्ये पाहिलेली तांगकालीन अश्वशिल्पे ही कारणे सांगितली जातात. ग्रामयात्रेत प्राणी शोभेसाठी आलेले नाहीत. दुभती गाय आणि गाडीचा बैल हे घराच्या अर्थव्यवस्थेचे घटक आहेत व माणसांइतकेच कामात गुंतलेले आहेत. त्यांच्या सुटसुटीत आकारांत खेळण्यांच्या कामाचा संस्कारही जाणवतो.

कलावारसा : बसोहली लघुचित्रांतील तप्त पिवळे-तांबडे रंग, प्राचीन शिल्पांतील स्त्रीदेहाची भरीव घडण आणि लोककलेतील सरळ मांडणी यांचा संगम या चित्रात झाला आहे. चौकटी एकमेकींना जोडून प्रसंग सांगण्याची रीत भारतीय चित्रपरंपरेत जुनी आहे. जैन पोथीचित्रे आणि महाराष्ट्रातील पिंगुळीची चित्रकथी परंपरा ही त्याची परिचित उदाहरणे होत. मोठ्या पृष्ठभागावर ठळक आकृती रेखाटण्याचा सराव हुसेन यांना चित्रपटांच्या फलकांमुळे झालेला होता.

चित्राचा प्रवास

लिऑन एलियास व्होलोडार्स्की हे नॉर्वेस्थित शल्यचिकित्सक १९५४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत होते. छातीच्या शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण देणारे केंद्र उभारण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी हे चित्र खरेदी करून नॉर्वेला नेले. १९६४ साली ते ओस्लो विद्यापीठ रुग्णालयास मिळाले. पुढील अनेक दशके चित्र रुग्णालयाच्या आवारातच होते. कलेच्या इतिहासात महत्त्वाचे असूनही ते भारतीय अभ्यासकांना व विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता आले नाही.

१९ मार्च २०२५ रोजी क्रिस्टीज या संस्थेने त्याचा लिलाव केला. अपेक्षित किंमत २५ ते ३५ लाख डॉलर होती. प्रत्यक्षात तिच्या सुमारे चौपट रक्कम मिळाली. यापूर्वीचा भारतीय चित्राचा विक्रम अमृता शेरगिल यांच्या ‘द स्टोरी टेलर’ (१९३७) या चित्राच्या नावे होता. ते सप्टेंबर २०२३ मध्ये ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले होते. ग्रामयात्रेच्या विक्रीची रक्कम डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचे ठरले. अशा रीतीने वैद्यकीय शिक्षणाच्या निमित्ताने देशाबाहेर गेलेले चित्र अखेर त्याच कार्याच्या उपयोगी पडले.

महत्त्व

हुसेन यांनी १९५५ साली ‘जमीन’ हे आणखी मोठे पट्टीवजा चित्र रंगविले. त्यास ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात पुरस्कार मिळाला. ते नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. विषय व मांडणी या दोन्ही दृष्टींनी ग्रामयात्रा ही ‘जमीन’ची पूर्वतयारी म्हणता येते. दोन्ही चित्रे एकत्र अभ्यासल्यास हुसेन यांची चित्रभाषा कशी घडली हे स्पष्ट होते.

उत्तरायुष्यात देवतांच्या काही चित्रांवरून हुसेन यांच्यावर तीव्र टीका झाली व अनेक खटले दाखल झाले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील काही खटले रद्द केले. तथापि २००६ पासून ते परदेशीच राहिले. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि ९ जून २०११ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. या वादामुळे त्यांच्या आरंभीच्या कामाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. ग्रामयात्रा पुन्हा प्रकाशात आल्याने नांगर, जाते, गाय आणि गाडी यांतून देशाचे रूप शोधणारा तरुण हुसेन अभ्यासकांसमोर नव्याने आला आहे.